जिम्नी कॅम्पिंगसाठी तयार करायचीय, यादी खाली दिलीय, बिनधास्त फाडा

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायचं धाडस करतोय. आमच्याकडे पाच दारांची जिम्नी आहे, अल्फा मॅन्युअल, गाडी सध्या कंपनीतून आली तशीच आहे. आम्ही चौघं, मी, बायको आणि दोन पोरं (एक चौथीत, एक पहिलीत). भंडारदरा, तापोळा, खाली कोकणात कुठेतरी, असं शनिवार-रविवार जाऊन राहायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात जमलं तर स्पिती. हॉटेल नको, आपलं आपण राहायचं, आपलं आपण रांधायचं. व्हिडिओ बघून बघून यादी तयार झालीय ती अशी: छतावरचा तंबू, त्यासाठी मोठा रॅक, दोन इंची लिफ्ट (गाडी उंच करणं), २३५ चे टायर, लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर), लाइट बार, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), फ्रिज आणि त्याच्यासाठी दुसरी बॅटरी, मागे दोन जेरीकॅन. बजेट आहे पण सगळं एकदम नाही. आधी काय करू एवढंच सांगा. आणि हो, बायकोचं म्हणणं आहे की एवढ्या पैशात पंधरा वर्षं एमटीडीसीत राहता येईल, तेव्हा जरा जपून उत्तरं द्या, ती पण वाचणारे.

दुसरा_गिअर

थार घ्यायची होती ना राव.

पाऊलवाट

हा प्रतिसाद पहिला येणार यावर पैज लावली होती, जिंकलो :)

किलोमीटर

यादी बाजूला ठेवा दादा, आधी वजनाचं बघा, कारण कुठल्याही व्हिडिओत हे सांगत नाहीत (सांगितलं तर विकायचं काय). जिम्नीचं कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) धरा १२०० किलो आणि कंपनीने दिलेलं ग्रॉस वेट (भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा) आहे १५४५. म्हणजे माणसं, सामान, नंतर बसवलेलं प्रत्येक लोखंड, सगळं मिळून ३४५ किलो. बास. तुम्ही चौघं किती भरता ते माहीत नाही, १९५ धरतो. राहिले १५०. छतावरचा तंबू साधारण ५५ किलो आणि रॅक २०, राहिले ७५. बंपर आणि विंच मिळून ६० तरी होतातच, राहिले १५. फ्रिज आतल्या सामानासकट २५, म्हणजे इथेच तुम्ही उणे दहावर आलात, आणि अजून पाणी भरलेलं नाही, दुसरी बॅटरी ठेवलेली नाही, अंथरूण-पांघरूण, कपडे, शेगडी, भांडी काहीच आलेलं नाही. ते सगळं धरलं की ८० किलो वर जाताय. आणि ही गाडी तुम्ही वरंध्यासारख्या घाटातून उतरवणार, पोरं मागे बसवून. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, १०५ अश्वशक्तीचं इंजिन तेच.

लोक म्हणतात जाड स्प्रिंग टाक, मागची बाजू बसत नाही. बरोबर आहे, बसत नाही, दिसायला छान दिसते. पण स्प्रिंग बदलल्याने १५४५ चे १६५० होत नाहीत. फक्त गाडी ओव्हरलोड झालीय हे डोळ्याला दिसायचं बंद होतं.

तेव्हा माझं उत्तर हे की यादीतली प्रत्येक वस्तू आधी काट्यावर ठेवा, किंमत नंतर बघा. जमल्यास सगळे बसून, टाकी फुल करून, जवळच्या वजनकाट्यावर गाडी एकदा चढवाच, वाळूच्या ट्रकांमध्ये तुमची जिम्नी बघून काटेवाला हसेल, हसू दे.

यारा_नदी

किलोमीटर यांना +१. मी मेलबर्नला असतो, इथे जिम्नीला छतावर गाडी चालू असताना ३० किलोचीच मर्यादा आहे. ३०! त्यात रॅकचं वजनसुद्धा धरायचं. म्हणजे बाजारात मिळणारा जवळजवळ कुठलाच छतावरचा तंबू बसत नाही, तरी लोक लावतात आणि मग अपघात झाला की इन्शुरन्सवाल्याशी वाद घालत बसतात. गाडी उभी असताना छत जास्त भार घेतं हे खरं, माणसं वर झोपतात तेव्हा काही होत नाही. त्रास आहे तो चालताना, वळणावर, खड्ड्यात. अरुंद आणि उंच गाडी आहे ही, डोक्यावर पन्नास-साठ किलो ठेवले की बाजूच्या उतारावर ती कशी झुकते ते एकदा अनुभवा म्हणजे दुसऱ्यांदा ठेवणार नाही. तुमच्याकडच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

इथे काही गाड्यांचं ग्रॉस वेट अधिकृतपणे वाढवून मिळतं, इंजिनिअरची सही आणि नवी प्लेट लागून. भारतात खाजगी गाडीला असलं काही करून मिळत नाही, तेव्हा १५४५ म्हणजे १५४५.

मुक्ता_सातारा

मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते. आम्ही बोलेरो घेऊन हिंडतो, टू व्हील ड्राइव्ह, साधी. तंबू जमिनीवरचाच. चौघांचा चांगला तंबू सहा-सात किलोत येतो, छतावरच्या तंबूच्या पैशात असे चार येतील. आणि पोरांसोबत छतावरचा तंबू म्हणजे रात्री दोन वाजता पहिलीतलं पोर "आई शू" म्हणणार आणि तुम्ही झोपेत त्याला शिडीवरून उतरवणार, हे डोळ्यासमोर आणा. शिवाय तळ ठोकला की गाडी अडकली. सकाळी दूध आणायला गावात जायचं तर आधी घर आवरा.

पाऊस जोरात असेल तेव्हा दोघांनी गाडीत झोपायचं. जिम्नीत पुढच्या सीटचं डोकं काढून पाठ मागे पाडली की ती मागच्या सीटला जाऊन टेकते, ते तुम्हाला माहीत असेलच. सरळ सपाट होत नाही, वर पातळ गादी टाका.

आता खरं सांगायचं ते जमिनीबद्दल. सगळे चिखल चिखल म्हणतात पण चिखल एका जातीचा नसतो. कोकणातला तांबडा जांभा, वर निसरडा असला तरी खाली कडक लागतं, चांगला टायर पकड घेतो. आपल्या वरच्या अंगाची काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि दोन मिनिटांत तुमचा महागाचा एटी (डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हीसाठीचा) टायर गुळगुळीत. मग फोर बाय फोर असो नाहीतर ट्रॅक्टर असो. शेतकरी वापसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही, आपणही गाडी घालू नये. पाणंद रस्त्यावरून जायचं तर आधी कुणाला तरी विचारा, "ट्रॅक्टर जातोय का" म्हणून.

आणि सगळ्यात फसवी म्हणजे धरणाच्या कडेची गाळपेर जमीन. तापोळा, बामणोली, भंडारदरा, उजनी, कुठेही. पाणी मागे हटलेलं असतं, वरून भेगा पडून वाळलेलं दिसतं, पाण्याच्या कडेला फोटो भारी येणार म्हणून लोक गाडी खाली उतरवतात, आणि वीतभर खाली लोण्यासारखा गाळ. पुढची चाकं गेली की गाडी पोटावर बसते. आधी चालत जा, टाच मारून बघा, टाच रुतली तर गाडी वरच ठेवा.

दुसरा_गिअर

ताई जबरदस्त. वाचनखूण साठवली. थारचं परत म्हणणार नाही. (गुरखा म्हणतो. कंपनीतूनच स्नॉर्कल आणि दोन्ही ॲक्सलला डिफ लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप.)

अण्णा_गिअरबॉक्स

आता माझं ऐका. जिप्सी चालवली, अजून चालवतो, जिम्नी पण भरपूर हाताखालून गेल्यात.

टायर. मूळ माप १९५/८० आर १५, व्यास होतो ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३ च्या आसपास, म्हणजे दीड टक्का, गाडीला पत्ता पण लागत नाही. तुम्ही म्हणता तो २३५/७५ घेतला तर ७३३, जवळजवळ सहा टक्के. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०६ वर. आणि उंची किती मिळाली? व्यासाच्या निम्मी, २० मिमी. त्या २० मिमीसाठी प्रत्येक गिअर उंच झाला, टायर जड झाला, ब्रेकला काम वाढलं, वळवताना आत घासणार म्हणून मग लिफ्ट आली. एक खर्च दुसऱ्याला हाक मारतो तो असा. स्पितीला जाणार म्हणताय ना, मग हिशोब करा. टर्बो नाही या इंजिनाला. कुंझुमला साडेचार हजार मीटरच्या वर हवा एवढी विरळ की ताकद साधारण दोन तृतीयांशावर येते, १०५ चे ६५-७० उरतात. त्यात उंच गिअरिंग आणि ८० किलो जास्त. हाफ क्लचवर चढवत बसाल, वास येईल, मग म्हणाल मारुतीचा क्लच खराब. गाडीचं काही चुकलेलं नसतं हो.

लिफ्ट. जिम्नीला पुढे पण सरळ ॲक्सल आहे, थारसारखं स्वतंत्र सस्पेन्शन नाही. दोन इंच उचललं की ॲक्सल थोडा फिरतो, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कोन) कमी होतो, स्टिअरिंग हलकं आणि भटकं होतं, आणि ठराविक स्पीडला खड्डा लागला की पुढचा भाग थडथडायला लागतो, वॉबल म्हणतात ते हेच. वर लॅटरल रॉडमुळे (ॲक्सलला आडवं धरणारी दांडी) ॲक्सल एका बाजूला सरकतो. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपवर भागत नाही, कॅस्टरचे बुश पाहिजेत, ॲडजस्टेबल रॉड पाहिजे, ब्रेकचे होज ताणले जातात का बघायला पाहिजे. गल्लीतला गॅरेजवाला नुसते स्पेसर टाकून देतो आणि "झालं साहेब" म्हणतो. जिम्नीला मुळात २१० मिमी क्लिअरन्स आणि पुढे ३६ अंशाचा ॲप्रोच (चढाला पुढचा भाग न घासता जाण्याचा कोन) आहे, कॅम्पिंगच्या रस्त्याला आणखी काय करायचंय? तुम्ही काय रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या ऑफरोड स्पर्धेला उतरणार नाही.

स्नॉर्कल. हवा वरून घेता येते एवढंच. दाराच्या सीलमधून पाणी येणारच, वायरिंग भिजणारच, गाडी हलकी आहे, प्रवाहात तरंगून सरकणारच. त्यापेक्षा डिफरन्शियलचे ब्रीदर पाइप (आतली हवा ये-जा करायच्या नळ्या) वर ओढून घ्या. चालून गरम झालेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते, ऑइलचा चहा होतो. पाइप, क्लिपा, तासाभराचं काम, किरकोळ खर्च. याचे व्हिडिओ कुणी बनवत नाही कारण बसवल्यावर दिसत नाही.

पाऊलवाट

अण्णा, मी इथे डोक्याला हात लावून बसलोय आणि बायको शेजारी बसून हसतेय. म्हणजे यादीतलं अर्धं गेलं. फ्रिज तरी राहू द्या, ती माझी हौस नाही, तिची आहे.

तापकीरगल्ली

फ्रिज राहू द्या, फ्रिज चांगला, उगाच सगळंच कापू नका लोकहो. दोन रात्रींपुरता बर्फाचा डबा चालतो, पण तिसऱ्या दिवशी त्यात मासे आणि दूध एकाच पाण्यात पोहतात.

३५-४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा घ्या. थर्मोइलेक्ट्रिक येतात ते घेऊ नका, बाहेरच्या हवेपेक्षा थोडंच खाली जातात आणि बॅटरी अखंड पितात. कॉम्प्रेसरवाला चालू असताना ४५ वॉटच्या आसपास घेतो, पण सतत चालत नाही. चाळीस टक्के वेळ धरला तर दिवसाला साधारण ४३० वॉट-तास. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवलात तर यापेक्षा बरंच जास्त, सावली बघा, काच थोडी खाली ठेवा.

लोक यासाठी १०० एएच ची ट्यूबलर घरच्या इन्व्हर्टरमधून उचलून मागे ठेवतात. तिशीतलं वजन, आणि निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य संपलं. लिथियम फॉस्फेटची ५० एएच घ्या, सहा-सात किलो, ६४० वॉट-तास. फ्रिज, दोन दिवे आणि मोबाईल आरामात निघतात. किलोमीटरसाहेब पण खूष. फक्त ही बॉनेटखाली ठेवू नका, उष्णता सोसत नाही, आणि शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, म्हणजे स्पितीत पहाटे गाडी चालू केल्याकेल्या नाही, आतलं हवामान जरा उबदार झालं की मग. चांगल्या बॅटरीच्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणारं सर्किट) हे कटऑफ असतं, घेताना विचारून घ्या.

चार्जिंगला सरळ वायर ओढू नका, डीसी टू डीसी चार्जर लावा, २० अँपिअरचा बास. दोन तास गाडी चालवली की ४० एएच परत, म्हणजे दिवसभराचा फ्रिज वसूल. सोलर पॅनल हवंच असं नाही, एकाच जागी तीन-चार दिवस बसणार असाल तरच.

आता खरी मेख वायरमध्ये आहे. पुढच्या बॅटरीपासून मागे जाऊन यायला सात-आठ मीटर वायर होते. ४ स्क्वेअर एमएमची लावलीत तर २० अँपिअरला पाऊण व्होल्ट वायरीतच जातो, वायर गरम होते ती वेगळीच. १६ ची घ्या, ड्रॉप पाव व्होल्टच्या आत. आणि फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. बरेच जण एकच लावतात. पण इथे दोन्हीकडे बॅटरी आहे, मध्ये कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर कुठूनही करंट येऊ शकतो. वायरला नळी चढवा, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाताना रबरी ग्रोमेट. गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावायचा नाही, टॅप मारायचा नाही, वॉरंटीवाले तेवढंच शोधत असतात. पुण्यात असाल तर लग्स (वायरीच्या टोकाचे टर्मिनल), फ्यूज होल्डर, वायर सगळं बुधवार पेठेत मिळेल, क्रिंपिंग मात्र हायड्रॉलिक टूलने करून घ्या, पक्कडीने दाबलेला लग स्पितीच्या रस्त्यावर सुटतो.

कायद्याचं_बोला

एवढी चर्चा झाली, आरटीओचं नाव कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो, शिव्या खायची तयारी आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम १८२ए आलं. मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढे लावायच्या बुल बारवर (लोखंडी बंपर) तर २०१७ च्या डिसेंबरपासूनच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, चालणाऱ्या माणसाला जास्त लागतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं म्हणून. स्पॉटलाइट पुढे लावायला पण नियमात मनाई आहे.

प्रत्यक्षात पकडतात का? पुण्यात रोज शेकडो लाइट बार फिरतात. पण पोलिसाची भीती मला कमी, इन्शुरन्सची जास्त. क्लेम आला की सर्व्हेअर फोटो काढतो, न कळवलेले बदल दिसले की कंपनीला कारण मिळतं. पाण्यात इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्शनचं ॲडऑन घेतलेलं असलं तरच बोला.

म्हणून साधा नियम: जे नटबोल्ट सोडून तासाभरात काढता येतं आणि गाडीला भोक पाडत नाही, ते सामान. फळी, ड्रॉवर, फ्रिज, काढता येणारी बॅटरी पेटी, हे सामान. जिम्नीच्या छताला पन्हाळीची कड आहे, साधा हलका रॅक त्यालाच क्लॅम्प होतो, ड्रिलिंग नाही.

मुक्ता_सातारा

लाइट बारवरून आठवलं. मे-जूनमध्ये भंडारद्याला काजवे बघायला येतात आणि गाडीवर एवढा मोठा बार पेटवून रस्त्याने जातात. अहो काजवे एकमेकांना उजेडाने खुणावतात, जोडीदार शोधायला. तुमच्या बारमुळे अख्खं झाड गप्प होतं. आणि ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, वनखात्याचे नियम आहेत, कुठेही तंबू टाकता येत नाही. गावातल्या माणसाच्या अंगणात किंवा पडीक वावरात विचारून राहा, त्यांनाही दोन पैसे मिळतात, बाईमाणसाला रात्री सुरक्षित वाटतं आणि सकाळी भाकरी मिळते.

यारा_नदी

रिकव्हरीचं (अडकलेली गाडी बाहेर काढायचं) कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. विंच राहू द्या, एकट्या कुटुंबाला ती वापरायची वेळ क्वचितच येते आणि नीट शिकल्याशिवाय वापरू नये. त्याऐवजी एक चांगलं फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या), कायनेटिक रोप (ताणला जाणारा ओढायचा दोर), दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्या कड्या), प्रेशर गेज आणि कॉम्प्रेसर. सगळं मिळून वीसेक किलोत. वाळूत किंवा गाळात अडकलात तर आधी हवा १८ पीएसआयवर आणा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच गाडी निघते. निघाल्यावर परत भरायची, तशीच पळवायची नाही. जिम्नीला डिफ लॉक नाही, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक मारून ती दुसऱ्या चाकाला ताकद देते, म्हणून चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढू नका, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा आणि तिला काम करू द्या.

कायनेटिक रोप टो बॉलला अडकवायचा नाही. कधीच नाही. बॉल तुटला की तोफगोळ्यासारखा काचेतून आत येतो, इथे माणसं गेलीत. चेसिसला लावलेला हुकच.

अण्णा_गिअरबॉक्स

आणि फोर एच (चारही चाकांना ताकद) कोरड्या डांबरावर टाकायचा नाही, याला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा सेंटर डिफ नाही. घाट उतरताना टू एच (फक्त मागची चाकं) मध्ये खालचा गिअर. हे सगळ्यांना माहीत असतं तरी दर पावसाळ्यात एक तरी येतो ट्रान्सफर केस घेऊन.

किलोमीटर

जेरीकॅनचं राहिलं. ४० लिटरची टाकी, डोंगरात दहाचं ॲव्हरेज धरा, ४०० किमी. किन्नौरच्या शेवटच्या मोठ्या पंपापासून काझा दोनेकशे किमी, काझात पंप आहे, तिथून मनाली परत दोनेकशे. पेट्रोल मागे लटकवून किंवा आत पोरांजवळ ठेवून जायचं कारणच नाही. काझाला टाकी फुल, विषय संपला. आणि थंडीत तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी, कोळसा, काही पेटवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. छोटे गॅसचे डबे नेणार असाल तर साधे ब्यूटेनचे शून्याच्या आसपास पेटेनासे होतात, प्रोपेन मिसळलेले घ्या.

पाऊलवाट

सुधारित यादी: २१५ चे एटी टायर, ब्रीदर पाइप, जमिनीवरचा तंबू, फ्रिज, ५० एएच लिथियम, डीसी चार्जर, फावडं-बोर्ड-रोप-कॉम्प्रेसर. मागच्या सीट पाडून फळी आणि एक ड्रॉवर. बाकी सगळं रद्द. लाइट बार मात्र ऑर्डर केलेला होता तो आता परत पाठवतोय.

फळीचं विचारायचंय. सुतार १२ एमएमची मरीन प्लाय म्हणतोय, डबल थर. चालेल? आणि सीट पाडल्यावर डिकीच्या तळाशी लेव्हल होत नाही, पायरी राहते, ती कशी भरायची?

किलोमीटर

डबल थर?! आठ बाय चारचा १२ एमएमचा एक अख्खा शीटच वीस-बावीस किलो भरतो. सुतार लोक पलंग बनवतात, त्यांना सांगावं लागतं की हा पलंग चालणारे. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची फ्रेम करा, वर ९ एमएम एकच थर. आणि हो, सीट पाडली की मग दोघंच जाणार, पोरं आजीकडे, हे लक्षात आहे ना? चौघांच्या ट्रिपला फळी घरी.

अण्णा_गिअरबॉक्स

पायरी फ्रेमच्या पायांनी भरून काढायची, पुढचे आखूड, मागचे लांब, खाली जी पोकळी राहते तिथे रोप, टूल, पाण्याचे कॅन. जड सामान तिथेच, खाली आणि जमेल तेवढं सीटच्या पाठीला चिकटून. डिकीला मूळ हुक आहेत त्यांना फ्रेम बांधा, मोकळी ठेवली तर ब्रेक मारल्यावर ती तुमच्या मानेवर येईल.

सुताराला माप द्यायच्या आधी एक बघा. जिम्नीचं मागचं दार आडवं उघडतं, त्यावर स्टेपनी. ड्रॉवर ओढायचा तर दार पूर्ण उघडावं लागतं. सोसायटीत गाडी भिंतीला मागून लावता की पुढून?

पाऊलवाट

मागून. आणि शेजारी खांब आहे. आलो टेप घेऊन.